मानेमागची गाठ

सोजरबाई लोमट्यांनी कमरेच्या पिशवीतून
पुतळ्यांची माळ काढली, माझ्या सतरंजीवर ठेवली.
"गोंडा कुजलाय. नव्यानं गाठव.
नातीच्या अंगावर घालायचीय बेस्तरवारी."

मी आधी मोजते. गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं;
बापानं लावलेली सवय.
एकोणीस.
अठरा सारख्या, कागदाएवढ्या पातळ.
एकोणिसावी जाड, बोटाला गार लागणारी,
तिचा कान नंतर कुणीतरी डागून बसवलेला.

"ही कुणाची?"
"सासूच्या सासूची. पांढरीत घावली म्हणं,
माळवदावर टाकायला माती आणताना."

तेरची पांढरी तशीच आहे.
आपण छप्पर मागावं, तिनं मणी द्यावेत.

भिंग लावलं.
एक माणूस, बिनदाढीचा, उजवीकडं बघणारा,
हनुवटी पुढं काढून,
उधारी न देणाऱ्या दुकानदारासारखा.
मानेवर छिन्नीचा घाव.
आतही सोनंच आहे का, बघितलं असेल एखाद्या सराफानं
भडोचला, पैठणला, नाहीतर इथंच, आमच्या गल्लीत.
राजाच्या तोंडाकडं बघून कोण विश्वास ठेवतो!

कडेनं अक्षरं. मला येत नाहीत.
शाळेतले इंगोले सर सांगायचे, रोमचं नाणं असं असतं;
भडोचहून पैठण वीस दिवस, पैठणहून तेर दहा,
इकडून सुताचं कापड जायचं, तिकडून सोनं यायचं.
मला त्यातलं सूत तेवढं लक्षात राहिलं.

उलटं केलं.
खुर्चीवर बाई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डहाळी.
खुर्चीच्या पायांत हळद अडकलेली,
चार सासवांची, आता काळी पडलेली.
"ही आमची बसलेली," सोजरबाई म्हणाली.
"उभ्या महालक्ष्म्यांच्या मधी हिला पाटावर ठिवतो."
"आणि राजा?"
"त्यो खाली. तोंड पाटाला."
दोघी हसलो.

मग कान पुसायला परत सुलटं केलं,
तेव्हा ती दिसली.

त्याच्या डोक्याभोवती पानं, आणि मानेमागं
फीत. फितीला गाठ.
दोन टोकं खाली सुटलेली, एक आखूड, एक लांब,
लांबाचा शेव जरा वळलेला.

मी तीस वर्षं हेच करते.
ही गाठ स्वतःला मारता येते, पण अशी सपाट बसत नाही;
मी आरशासमोर करून बघितलंय.
म्हणजे कुणीतरी मागं उभं होतं.
कुणाच्या तरी बोटांनी केस बाजूला केले,
फीत ओढली, फार नको, सैल नको,
आणि "झालं" म्हणाले असतील, त्यांच्या भाषेत.
कडेच्या अक्षरांत त्याचं नाव नसणार.

माझ्याकडं एक मातीचा आहे.
गुंड्यांच्या डब्यात, लहानपणी सापडलेला.
तेच तोंड, तीच हनुवटी.
सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी कुण्या कुंभारानं
साच्यात दाबून केलेला.
अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा, मुंग्या चालल्यासारख्या.
आणि त्याला गाठ कळली नाही.
त्यानं तिथं अंबाडा काढला.

पण वर भोक आहे,
आणि भोकाची वरची कड दोऱ्यानं झिजलेली,
सोन्याच्या कानाची झिजते तशीच.
कुणीतरी पुष्कळ वर्षं घातला.

लाल रेशीम घेतलं, मेण लावलं.
दर पुतळीमागं एक गाठ, एकोणीस झाल्या.
सोजरबाईनं लांबी बघायला गळ्यात धरली,
पाठ केली माझ्याकडं, पदर सरकवला,
पांढरी वेणी उचलून धरली.
"मार बाई गाठ. माझा हात पोचत न्हाई आता."

मारली.
समोर बसलेली बाई, राजा कातडीकडं.

एकशे ऐंशी झाले.
वीस रुपये बेस्तरवारी देते म्हणाली.